प्लगची पट्टी

८ जानेवारी १९७९

आज पुन्हा जीप उघडून बसले मामाजी. चहा निवला तरी भान नाही. चारही प्लग काढून अंगणात पोत्यावर मांडले. मी तांदूळ निवडायच्या निमित्तानं समोरच बसले. सासऱ्यांचं हे काम बघायला मला फार आवडतं — कुणाला सांगणार? इथेच लिहिते.

आधी तारेच्या ब्रशनं काजळी काढायची. मग खिळ्यावरची पितळेची पट्टी घेऊन प्लगच्या टोकाच्या फटीतून ओढायची. सैल गेली तर वाकलेल्या टोकाला पान्याची हलकी टिचकी. अडली तर टोक किंचित उचलायचं. पट्टी जराशी घासत, पण न अडता निघाली की मामाजींची मान हलते. "फट चुकली त ठिणगी चुकली, सूनबाई."

पट्टी त्यांनीच कापलेली, जीप घेतली त्या वर्षी, भंडाऱ्याहून आणलेल्या पत्र्याची. त्याच पत्र्याची जोडीची पट्टी कोंढ्याच्या दोस्ताला, मुरारीभाऊंना दिली, त्यांच्या शेतातल्या रॉकेलवर चालणाऱ्या पाण्याच्या पंपाचा प्लग जुळवायला.

मिलिटरीच्या लिलावातली ही म्हातारी जीप. आमच्या अड्याळातल्या किती अडलेल्या बायांना हिनं भंडाऱ्याला पोचवलं! धाकट्याच्या वेळी मलाही.

१० जानेवारी

गाडी मिसिंग मारते. उभ्याउभ्या थडथडते, चढावर ठसकते. मामाजींनी कार्बोरेटर धुतला, पेट्रोलला शिव्या घातल्या, नवे प्लग आणले, पट्टीनं फट जुळवली. तेच रडगाणं.

११ जानेवारी

मामाजी दिवसभर जीपकडे फिरकले नाहीत.

१२ जानेवारी

जेवताना मामाजी एकदम म्हणाले, "माहे कान गेले आता. हात बी गेले. भय्याजीले सांगतो, संक्रांत झाली का घेऊन जा म्हणतो गाडी."

भंडाऱ्याचे भय्याजी कधीचे टपलेत, वरातीत फिरवायला जीप हवी म्हणून. सासूबाईंनी न विचारता मामाजींच्या ताटात भात वाढला. हे म्हणाले, "बाबा थकले." थकले? बोनेटवर तळहात ठेवून चारातला कोणता प्लग कामचुकार आहे ते सांगणारा माणूस! त्यांना स्वतःचाच भरवसा राहिला नाही, याचं मला फार वाईट वाटलं. गाडी गेली तर हा माणूस ओट्यावर नुसता बसून राहील.

१३ जानेवारी

उद्या संक्रांत. घरातलं पितळ झाडून सगळं बाहेर. सासूबाई चिंच आणि राख घेऊन बसल्या, मी धुऊन पुसत होते. गुंड, परात, समई — आणि ती पट्टी! दर सणाला खिळ्यावरून काढून घासतात म्हणे. इतक्या वर्षांत माझ्या कधी लक्षातच आलं नाही. "त्याइच्या हातची वस्तू हाय. काळी कायले ठेवावं?"

पुसताना माझं बोट कापलं. पट्टीला धार आली होती. बोट तोंडात धरून तशीच बसले. घासून घासून पट्टी पातळ होत गेली, तशी फट लहान होत गेली. मामाजींचे हात बरोबरच होते. मापच आटलं होतं!

सासूबाईंसमोर बोलवेना. बोटाला चिंधी बांधली.

१४ जानेवारी

तिळगुळाचं निमित्त करून मामाजींना कोंढ्याला न्यायला लावलं. वाटेत सोबत आणलेली पट्टी दाखवून सांगितलं. त्यांनी नुसता गिअर बदलला. गाडी ठसकत ठसकत पोचली.

मुरारीभाऊंची पट्टी कुणी कधी घासलेली नव्हती, काळीकुट्ट. मामाजींनी दोन्ही पट्ट्या चिमटीत धरल्या, डोळे मिटले. मग हसायला लागले, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. "माहे कान नाही गेले रे मुरारी. पट्टी गेली!"

तिथंच त्या काळ्या पट्टीनं चारही फटी नव्यानं जुळवल्या. परतताना जीप अशी चालली की मामाजी स्टेअरिंगवर बोटांनी ठेका धरत होते. भय्याजींना काय सांगायचं, मी विचारलंसुद्धा नाही.

मुरारीभाऊंनी पट्टीचा अर्धा तुकडा कापून दिलाय. तो मामाजींच्या बंडीच्या खिशात. जुनी पट्टी परत खिळ्यावर. गाव जवळ आलं तसं म्हणाले, "तुह्या सासूले सांगू नको. इतके वर्सं मायेनं घासलं तिनं. घासू दे."

अशा माणसाची सून आहे मी. आज फार बरं वाटतंय.

१२ मार्च

होळीचं पितळ काढलं. सासूबाईंनी सगळं चिंचेनं लख्ख केलं. पट्टी मात्र नुसती पदरानं पुसली आणि खिळ्याला लावली.

"घासत नाही?"

"झिजते ना वं," म्हणाल्या. "पन त्याइले सांगू नको. खिशातली लपवून किती खुश हायत."