आमंत्रणपत्रिकेच्या मागचं नाव

मंगळवार संध्याकाळ, बेसा

बाबांची अपंगत्व पेन्शन मंजूर झाली, पण अर्ज केला त्या दिवसापासून. तोफांनी कान तर फौजेत असतानाच नेले होते! सुटल्यापासूनची मिळावी म्हणून अपील करू म्हटलं, तर वकिलांनी बाबांचा फौजेतून सुटतानाचा कागद दाखवला. त्यावर बाबांचीच सही : काही त्रास नाही.

असं काहून लिहून दिलं, म्हणून आज आईवर ओरडलेच मी.

आई मेथी निवडत होती. म्हणाली, "तुह्या बारशाले पोचाचं होतं वं त्याईले. कानाचं सांगतलं असतं तर तपासणीसाठी पंधरा दिवस थांबा लागलं असतं."

माझ्या बारशासाठी. काही त्रास नाही.

मग तिनं पोथीतून बारशाची पत्रिका काढली. बारशात आत्यानं माझ्या कानात नाव सांगितलं, मग सगळ्यांना सांगितलं. बाबांना ते ऐकूच आलं नाही. तेव्हा आईनं पत्रिकेच्या मागे पेन्सिलनं ते लिहून दाखवलं होतं. पत्रिकेवर तारीख आहे, सुटल्याच्याच आठवड्यातली. वकील फोनवर म्हणाले, तेव्हाच ऐकू येत नव्हतं याचा पुरावा म्हणून जोडून बघू.

बाबा मला कायम बेटाच म्हणतात. का, ते मी कधी विचारलं नाही.

मघाशी पत्रिका त्यांच्यापुढे ठेवली. पुसट अक्षरांवरून बोट फिरवत ते हळूच म्हणाले, "मृण्मयी." मग माझ्या तोंडाकडे बघत विचारलं, "असंच म्हणतेत ना वं?"