डब्यावरची गाय

थेरगाव, मंगळवार, १९५४

आज पुन्हा काशी दूध न पिताच गेली. काडीसारखे हातपाय झालेत पोरीचे. मिशनच्या पडवीत मी पावडरीचं दूध वाटत होते. प्रार्थना झाली, पेला तिच्या ओठाला लागला, तोच तिच्या आईनं तो काढून घेतला. मला वाटलं, बाटण्याची भीती असेल. तसं नव्हतं. तिनं डब्यावरच्या गाईच्या चित्रावर बोट ठेवलं.

"बाई, गाय हाय, पर वासरू कुठं हाय? त्याला आधी पाजलं व्हतं का न्हाई? उपाशी वासराचा तळतळाट माझ्या पोरीला नगं."

मी चिडले. पण परदेशातल्या त्या वासराचं मला तरी काय ठाऊक? आमच्या गोऱ्या मिसबाईंना विचारलं, तर त्या हसल्या. हसण्यासारखं होतं का ते? माझी आईसुद्धा वासरू सोडल्याशिवाय धार काढत नसे.

डबा घरी आणलाय. त्याच्या कागदावर, गाईशेजारी, पेन्सिलीनं वासरू काढलं. उद्या काशीच्या आईला दाखवू का? ही सेवा की फसवणूक, काही कळत नाही. आणि जागाही कमी पडली. वासराचं तोंड कासेपर्यंत पोचतच नाही.