गप्प बसायची रीत

भिवंडी, ४ फेब्रुवारी १९८९

दादा,

काल शुक्रवार, सुट्टी, कापड विणायचे लूम बंद. मला ओढून न्यायला तू कारखान्यात आलास. "बाईमानसाचं हितं काय काम हाय?" असं दारातूनच ओरडलास. आत आम्ही सहाजण होतो, पाच कामगार आणि मी. दर शुक्रवारी बसतो तसेच, डागी कापडावर काढलेली चित्रं लूमला टांगून.

माझा हात धरायला आलास आणि एका चित्रासमोर थांबलास.

"ही तर आपली आय हाय," म्हणालास. "कांडीवर सूत भरताना अशीच मान वाकडी करायची."

आई गेल्यापासून तुझा एवढा हळू आवाज मी ऐकला नव्हता.

"कोनी काढलं ह्ये?"

आमच्यात रीत आहे. सगळ्यांचं चित्राबद्दल बोलून होईपर्यंत, ज्याचं चित्र त्यानं तोंड उघडायचं नाही. म्हणून मी गप्प बसले. तुला वाटलं, घाबरले.

तू पाचही पुरुषांच्या तोंडाकडे एकेक करून पाहिलंस. माझ्याकडे एकदाही नाही. मग चिडलास आणि जाताना बजावलंस, "पुढल्या शुक्रवारी हितं दिसलीस, तर घराचं दार बंद."

बंद कर. शुक्रवारी मी तिथंच असणार.

हे पत्र मी टाकणार नाही. उत्तर घरपोच मिळेल असं तुला वाटायला नको. चित्र अजून टांगलेलं आहे. तुला निरोप तेवढा धाडते: कोणी काढलं ते जाणून घ्यायचं असेल तर ये, आणि या वेळी मला विचार.

आईचीच मुलगी,
चंपा