सरकलेली गादी आणि वाचनकक्षातील शांतताभंग

प्रति,
मा. विभागीय ग्रंथालय अधिकारी,
विभागीय ग्रंथालय कार्यालय,
दुसरा मजला (जिन्याने).

विषय: वाचनकक्षात ओरडल्याबद्दल बजावलेले ज्ञापन रद्द करणे, ज्यांच्यामुळे ओरडावे लागले त्यांना शासन करणे, व शस्त्रक्रियेसाठी रजा मंजूर करणेबाबत.

संदर्भ: मुख्य ग्रंथपाल यांचे ज्ञापन, अर्जदारास रुग्णालयाच्या खाटेवर मिळालेले.

महोदय,

१. अर्जदार हे आपल्या अधिपत्याखालील मध्यवर्ती ग्रंथालयात, वृत्तपत्र खंड विभागात परिचर आहेत. त्यांच्या कमरेच्या मणक्यांमधली गादी सरकली असून ती डाव्या पायाकडे जाणाऱ्या नसेवर ठाण मांडून बसली आहे. अर्जदारास बसता येत नाही. उभे थोडा वेळ राहता येते. आडवे पडून बोलता मात्र भरपूर येते. सबब हा अर्ज ते पलंगावरून सांगत आहेत आणि त्यांची पत्नी, जी एका वकिलांकडे टंकलेखनाचे काम करते, ती लिहीत आहे. पुढे जेथे 'लिहिणारी' असा उल्लेख येईल तेथे तीच समजावी. भाषा लिहिणारीची व राग अर्जदाराचा आहे. कोठे सरमिसळ झाली असल्यास तो दोष संसाराचा समजावा.

२. जुनी वर्तमानपत्रे महिन्याच्या हिशेबाने एकत्र शिवून त्यांना जाड पुठ्ठा घातला की त्याला खंड म्हणतात. हा खंड अर्ध्या टेबलाएवढा पसरट आणि भिजलेल्या रजईसारखा जड असतो. वाचकाने चिठ्ठी दिली की तो तळघरातून आणून त्याच्यासमोर ठेवणे हे अर्जदाराचे काम. त्यासाठी ग्रंथालयात एक ढकलगाडी आहे. तिचे एक चाक कुरकुरते. मुख्य ग्रंथपाल, ज्यांना कर्मचारी व वाचक मिळून 'चूपसाहेब' म्हणतात, त्यांच्या मते वाचनकक्षात पान उलटण्याहून मोठा आवाज होता कामा नये. अर्जदाराने चाकाला तेल मागितले. तेल ठिबकून कागदाला डाग पडतील, असे कारण देऊन साहेबांनी ते नाकारले. अर्जदाराने घरून लिहिणारीच्या शिलाई मशीनच्या तेलाची कुपी नेली, तर ती ज्वलनशील पदार्थ म्हणून जप्त झाली. त्यानंतर साहेबांनी ढकलगाडीलाच वाचनकक्षात मनाई केली आणि यापुढे सर्व खंड छातीशी धरून, हातांनी आणावेत असा आदेश काढला. अर्जदाराने तो पाळला, ही त्यांची चूक. ती ते मोकळ्या मनाने कबूल करतात.

३. घटनेच्या दिवशी एका वृद्ध वाचकाने सर्वांत जाड खंड मागवला. अर्जदार तो घेऊन टेबलापाशी आले तेव्हा चूपसाहेब शेजारीच ओठांवर बोट ठेवून उभे होते. खंड धपकन टाकला असता तर पाठ वाचली असती, असे आता डॉक्टर म्हणतात. परंतु आवाज होऊ नये म्हणून अर्जदार कमरेत वाकले, वाकलेल्या स्थितीतच अंग वळवले, आणि तान्ह्या बाळाला निजवावे तसा तो खंड हळूहळू टेकवू लागले. त्याच क्षणी कमरेत कळ आली आणि अर्जदार ओरडले. खंड खाली, अर्जदार त्याच्या शेजारी. यावर चूपसाहेबांनी सर्वप्रथम "शू!" असे केले. मग वाकून खंडाची पाठ फाटली का ते पाहिले. अर्जदाराच्या पाठीकडे तो वृद्ध वाचक वळला. त्यानेच रुग्णवाहिका बोलावली, तीही बाहेर व्हरांड्यात जाऊन, कारण आत फोनला मनाई आहे.

४. ज्ञापनात अर्जदाराने 'अनावश्यक मोठा आवाज' केल्याचे नमूद आहे. आवाज मोठा होता हे मान्य. अनावश्यक होता हे अमान्य. मुख्य ग्रंथपालांनी स्वतः एक गादी सरकवून घ्यावी, आणि मग ती कळ कोणत्या पट्टीत व्यक्त करणे आवश्यक आहे याचे परिपत्रक काढावे.

५. उपचारांबाबत. अर्जदारापुढे डॉक्टरांनी चार मार्ग ठेवले. शहाणा माणूस त्यांतल्या कशाने गुण येईल ते पाहील. अर्जदाराने प्रत्येक मार्ग चूपसाहेबांना किती झोंबेल या मापाने मोजला, आणि हे लपवण्याची त्यांची इच्छा नाही.

पहिला मार्ग गोळ्या आणि सक्तीची विश्रांती. हा करून झाला. यात छताकडे पाहण्यापलीकडे काम नसल्याने अर्जदाराच्या डोक्यात साहेबांखेरीज दुसरे काही येईना. दुसरा मार्ग व्यायाम आणि ट्रॅक्शन, म्हणजे कमरेला पट्टा बांधून वजनाने ओढणे. फिजिओथेरपिस्ट बाई फार चांगल्या. त्या रोज सांगत, "काका, अंग सैल सोडा." अर्जदार सोडत. परंतु पट्ट्यात आपल्या जागी चूपसाहेब आहेत आणि वजन आपण वाढवतो आहोत, असा विचार मनात येताच त्यांच्या मुठी आवळत, आणि बाईंना सगळे पहिल्यापासून करावे लागे. तिसरा मार्ग मणक्यात इंजेक्शन. त्याने दुखणे काही काळ दबते. अर्जदाराने ते साफ नाकारले. दुखणे दबले तर आपली बाजूही दबेल असे त्यांचे म्हणणे. डॉक्टरांनी डोक्याला हात लावला.

चौथा मार्ग शस्त्रक्रिया. त्याबाबत पुढे.

एमआरआयची फिल्म अर्जदाराने खिडकीच्या काचेला चिकटवली आहे. विचारपूस करायला येणाऱ्या प्रत्येकाला ते पलंगावरून काठीने ती दाखवतात. नसेवर चढलेल्या त्या काळ्या फुगवट्याला त्यांनी 'साहेब' असे नाव ठेवले आहे. "हे बघा, कसे बसलेत. हलायला तयार नाहीत." पाहुणे चहा अर्धा टाकून उठतात.

६. याउपर जे घडले त्याने कहर केला. ग्रंथालयातले बाइंडर अर्जदारास भेटायला आले आणि बोलता बोलता त्यांच्या तोंडून निघून गेले की अर्जदाराच्या जागी आलेल्या बदली माणसाला ढकलगाडी मिळाली आहे. चाकाला तेलही घातले आहे. कोणते तेल, असे अर्जदाराने विचारले. बाइंडर चाचरले. जप्त केलेल्या कुपीतले, असे शेवटी म्हणाले. त्या दिवसापासून अर्जदार जेवणात लक्ष देत नाहीत.

७. सबब अर्जदाराच्या मागण्या पुढीलप्रमाणे:

(अ) ज्ञापन रद्द व्हावे आणि ते काढणाऱ्याच्या सेवापुस्तकात चिकटवावे.

(आ) मुख्य ग्रंथपालांनी तळघरातील सर्व खंड एकट्याने, हातांनी, छातीशी धरून वर आणावेत व पुन्हा खाली न्यावेत. त्या वेळी त्यांच्या तोंडून 'हं' जरी निघाले तरी ज्ञापन द्यावे.

(इ) त्यांची खुर्ची काढून घ्यावी. अर्जदारास बसता येत नाही तर त्यांना का यावे?

(ई) अर्जदारास वाकून पायमोजा चढवता येत नाही. तो मुख्य ग्रंथपालांनी रोज सकाळी येऊन चढवावा. डावा आधी.

(उ) त्यांनी भर वाचनकक्षात, गर्दीच्या वेळी, शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात अर्जदाराची माफी मागावी. जोपर्यंत ही माफी होत नाही तोपर्यंत अर्जदार शस्त्रक्रिया करून घेणार नाहीत. बरा होऊन त्या माणसाला मोकळा सोडणार नाही, असे त्यांचे शब्द आहेत.

८. येथपर्यंतचा मजकूर अर्जदाराने मागच्या आठवड्यात सांगितला, लिहिणारीने लिहिला, वाचून दाखवला, आणि अर्जदाराने आडव्या स्थितीत वरील समासात सही केली. सही तिरकी आहे ती त्यामुळे. आता अर्जदारास गोळीने झोप लागली आहे. पुढील मजकूर लिहिणारीचा आहे आणि तो त्यांच्या कानांवर घालू नये, ही पहिली विनंती.

९. महोदय, अर्जदाराचा डावा पाय निकामी होत चालला आहे. अंगठा वर उचलला जात नाही. परवा ते न्हाणीघरातून पलंगापर्यंत भिंत धरून आले तेव्हा डावी चप्पल वाटेतच सुटून राहिली होती, आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. लिहिणारीने ती उचलून दाखवली. "तुझी नजर फार खाली असते," म्हणाले. लिहिणारी मोरीत जाऊन रडली आणि तोंड धुऊन बाहेर आली. सर्जन स्पष्ट बोलतात: आता गोळ्या, पट्टे, इंजेक्शन यांचे दिवस गेले. नसेवरचा दाब काढला तर पायात जोर परत येण्याची आशा आहे. जितका उशीर तितकी आशा कमी. एकदा ठरलेली तारीख अर्जदाराने मागण्या पूर्ण झाल्या नाहीत म्हणून रद्द करून घेतली आहे. त्या दिवशी लिहिणारी त्यांना म्हणाली, "अहो, सूड तुम्ही घेताय, आणि उचलून उभं मी करतेय तुम्हाला. माझी पाठ कोणाच्या बापाची आहे?" त्यांनी भिंतीकडे तोंड केले.

१०. शस्त्रक्रियेच्या रजेला मुख्य ग्रंथपालांची शिफारस लागते. त्यांच्यापुढे हात पसरायला अर्जदार तयार नाहीत. म्हणून लिहिणारी कामावरून अर्धी सुट्टी काढून ग्रंथालयात गेली. ती वाचनकक्षात शिरली तेव्हा बदली माणूस समोरून ढकलगाडी घेऊन चालला होता. गाडीचा बारीकसाही आवाज नव्हता. ते पाहून लिहिणारीचे पित्त खवळले. आपल्या मशीनचे तेल तिने ओळखले असे नाही, पण खवळले. मुख्य ग्रंथपालांनी तिला पाहताच ओठांवर बोट ठेवले. मग ती कोण हे बाइंडरने कानात सांगितले आणि साहेबांचे बोट खाली आले. तोंड उतरले. त्यांनी शिफारशीचा कागद तेथल्या तेथे सही करून दिला. तेवढ्यावर थांबले असते तर बरे. पण ते पुढे झाले आणि कुजबुजत म्हणाले, "वहिनी, माझं चुकलं. मी रविवारी घरी येऊन त्यांचे पाय धरतो."

लिहिणारीने उभ्या आयुष्यात सार्वजनिक ठिकाणी आवाज चढवलेला नाही. ती म्हणाली, "साहेब, ऐकू नाही आलं. मोठ्याने बोला."

सगळ्या टेबलांवरच्या माना वर झाल्या. साहेबांनी इकडेतिकडे पाहिले, तोंड उघडले, आणि त्यांच्याच्याने झाले नाही. पुन्हा कुजबुजले. लिहिणारीने ती माफी घेतली नाही. असल्या माफीला काय खर्च येतो? तेलाला त्याहून जास्त आला नसता. ती कागद पर्समध्ये घालून, चपला वाजवत बाहेर आली. ते वाजवणे हेतुपुरस्सर होते याची नोंद घ्यावी. त्याबद्दल ज्ञापन काढायचे असल्यास लिहिणारीच्या नावे काढावे, तिला खुलासे लिहिण्याचा सराव आहे.

११. घरी आल्यावर अर्जदाराने विचारले, काय म्हणाला तो? लिहिणारी जिन्यातच विचार करून आली होती. माफीचे सांगितले तर अर्जदार फुगून बसणार. रविवारी साहेब येणार, पाय धरणार, तेवढ्याने भागणार नाही, पुन्हा वाचनकक्षात मागा म्हणणार, आणि त्या मानापमानात पाय हातचा जाणार. किंवा राग निवेल, राग निवला की धीरही जाईल, कारण मनातून त्यांना शस्त्रक्रियेची भीती वाटते, हे लिहिणारीला ठाऊक आहे. म्हणून तिने पर्स खुंटीला अडकवली आणि सांगितले की साहेब हसले. "म्हणाले, कशाला फुकट रजा वाया घालवता, तो माणूस आता काही उठून उभा राहत नाही."

अर्जदाराने खिडकीवरच्या फिल्मकडे पाहिले. मग म्हणाले, "सर्जनला फोन लाव."

१२. तारीख येत्या बुधवारची मिळाली आहे. संमतिपत्रावर अर्जदाराने सही केली, ती मात्र सरळ आली आहे. हा अर्ज तरीही पाठवायचाच, असा त्यांचा हट्ट आहे. तो माणूस दोन्हीकडून भाजला पाहिजे, असे म्हणतात. म्हणून महोदय, लिहिणारीची विनंती अशी की अर्जाच्या विषयात जी रजा लिहिणारीने मागाहून घातली आहे ती तेवढी ताबडतोब मंजूर करावी आणि बाकी काहीही, कृपा करून, करू नये. ज्ञापन रद्द करू नये. सहानुभूतीचे पत्र पाठवू नये. मुख्य ग्रंथपालांना या रविवारी तातडीच्या कोणत्याही कामावर, शक्यतो दूरच्या गावी, पाठवावे. ते फुले घेऊन दारात उभे राहिले तर अर्जदाराचा राग वितळेल, आणि बुधवारी शस्त्रक्रियेच्या टेबलावर चढण्यासाठी त्यांच्याजवळ रागाखेरीज दुसरे बळ नाही.

१३. शस्त्रक्रियेनंतर मात्र कोणतीही दयामाया दाखवू नये. अर्जदार स्वतःच्या पायांनी आपल्या कार्यालयाचा जिना चढून येतील तेव्हा परिच्छेद ७ मधील मागण्या एकेक करून विचारात घ्याव्यात. पायमोज्याची मागणी सोडली तरी चालेल. ती लिहिणारी निभावून नेत आहे. माफीची मात्र सोडू नये. पूर्ण आवाजात हवी. आणि पायाचा जोर परत आला नाही, तर महोदय, साहेबांच्या तोंडी घातलेले ते वाक्य खरे ठरेल, आणि ते लिहिणारीने रचलेले होते हे जन्मभर तिला एकटीला माहीत असेल. त्याचा हिशेब ती कोणाकडे मागणार आहे, हे आपण समजून घ्यावे.

आपले विश्वासू,
(समासात, तिरकी सही)
अर्जदार, परिचर, वृत्तपत्र खंड विभाग

त्यांच्या वतीने, व परिच्छेद ८ पासून स्वतःच्या वतीने,
लिहिणारी

दिनांक: आवक शिक्क्याप्रमाणे, परंतु बुधवारच्या आत.

सोबत: ज्ञापनाची प्रत, सर्जनचे पत्र, मुख्य ग्रंथपालांची रजेची शिफारस. एमआरआयची फिल्म जोडता येत नाही. अर्जदार तिच्याशी अजून भांडत आहेत.