सुमीसाठी केलेलं मेतकूट

जबलपूर, मंगळवार संध्याकाळ

नाही, मला राग नाही आला. मेतकूट घरी राहिलं म्हणून कोणी रागावते काय? सुमी परवा जर्मनीला चालली, वर्षभर, नोकरीसाठी. डॉक्टरनं पोरीचा गहू कायमचा बंद केला आणि तिकडे सगळे ब्रेडच खातात. एकटी आजारी पडली तर पाणी कोण देईल? म्हणून दुपारभर बसून मेतकूट केलं. त्यातला मूठभर गहूही मुद्दाम गाळला. मी काय अडाणी आहे?

पोरीनं मेतकूट चाखलंसुद्धा नाही. गोहलपुरातून आणलेली हिंगाची डबी उचलून वाचत बसली.

"आई, ह्या हिंगात गव्हाचं पीठ आहे."

"चिमूटभर हिंगानं कोणी मरते काय?"

"मरत नाही, आठ दिवस पडून राहते. तिकडे रोज सुट्टी कोण देईल मला?"

एवढा नखरा काहून? तेवढ्यात हे पेपरातून बोलले, "अच्छा, म्हणून गहू बंद करूनही घरी हिचं पोट दुखून राहिलं होतं."

ह्यांना कोणी विचारलं होतं? मेतकूट राहू दे. वरणाला हिंगाची फोडणी तर रोज मीच देते.

ह्याच्यावर मला अजून काही लिहायचं नाही.