रेघेच्या आत

प्रिय लीव्हॉन,

पत्र बघून हसशील. एझ्राला लिहिता कधीपासून यायला लागलं, असं बायकोला विचारशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि रविवारी मैदानावर आपल्या दोघांच्याही तोंडात दात वाचवायचं रबर कोंबलेलं असेल, म्हणून हा खटाटोप. तुमचा संघ उतरलाय त्या हॉटेलात हे पत्र तुझ्या नावाने देऊन ठेवतोय. फुटबॉल काखेत मारून तू पळणार, आणि तुला जमिनीवर आपटायचा पगार मला मिळतो. लहानपणापासून आपण हेच करत आलोय, फक्त तेव्हा अंगाखाली गावाकडच्या डेल्टातली कापसाची काळी माती होती. आता काँक्रीटवर अंथरलेलं हिरवं जाजम आहे. घसरलं की कोपराची साल त्यालाच चिकटून राहते.

सोमवारी कोचने तुझ्या या वर्षीच्या सामन्यांची फिल्म लावली. मी मुद्दाम मागे बसलो. पूर्वीचा तू मला पाठ आहेस. आम्हाला समोरच्या रांगेतली फट दिसायच्या आधी तू तिच्यातून पार झालेला असायचास आणि तुला धरायला आलेले दोघे एकमेकांवर आदळायचे. पडद्यावरचा माणूस तसा नव्हता. तो आधी फट बघतो, मग वळतो, तोवर फट मिटलेली असते. वळताना डावा पाय किंचित ओढतो. मला दिसलं, पण मी गप्प बसलो. आमच्यातला एक नवा पोरगा मात्र पडद्याकडे बोट दाखवून म्हणाला, "म्हातारा डावीकडे वळतच नाही की." सगळे खिदळले. तुझी अजून तिशीही झालेली नाही, लीव्हॉन. आता रविवारी सगळे तुझ्या त्याच डाव्या गुडघ्यावर येणार, हे वेगळं सांगायला नको.

पेपरवाले लिहितात, लीव्हॉनच्या डोक्यात पैसा गेला, भूक मेली. त्यांना एकदा तुझ्या जागी उभं करायला हवं. बाकीचे आपापल्या समोरच्या एका माणसाशी भिडतात. तुझ्यावर दर वेळी तिघे-चौघे तुटून पडतात. एक गुडघ्यात शिरतो, एक बरगडीत खांदा घालतो, आणि तू आडवा झालास की तिसरा वरून अंग टाकतो. ढिगाखाली काय चालतं ते लोकांना दिसत नाही. तिथे बोटं पिरगाळतात, डोळ्यात अंगठे घालतात. मी घातलेत, म्हणून सांगतो. सोमवारी तू जिना बसत बसत उतरतोस, हे तुझ्या बायकोने मला सांगितलंय. रविवारी सकाळी सुई टोचतात, गुडघा बधिर करतात आणि बॉल पुन्हा तुझ्याच हातात देतात. तुझं खेचर करून टाकलंय त्यांनी. बसलं की दुसरं जुंपतील. भूक कसली मरते, शरीर मरतं, आणि ते एका दिवसात मरत नाही म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

आणि तूही काही कमी नाहीस. दुसरे शहाणे खेळाडू अंगावर कुणी आलं की कडेची पांढरी रेघ ओलांडून बाहेर जातात, मार चुकवतात. तुला ते जमलं नाही आणि जमणार नाही, कारण आपण त्या गावचे. रेघेला लागून म्हातारे खुर्च्या टाकून बसायचे आणि एक खुर्ची रिकामी ठेवायचे, आठवतंय? जो घाबरून बाहेर पडेल त्याला तिच्यावर बसवायचे. "ये बाळा, दमलास ना? टेक जरा," म्हणायचे, आणि सगळी रांग फिदीफिदी हसायची. दुसऱ्या दिवशी चर्चमध्येही बायका उठून त्याला जागा द्यायच्या. ती खुर्ची तुझ्याच आईच्या स्वयंपाकघरातली होती आणि सगळ्यांत मोठा आवाजही तिचाच, ओडेसा मावशीचाच असायचा. तिच्या पोराने त्या खुर्चीला कधी पाठ लावली नाही. तू डोकं खाली घालायचास आणि समोरच्याच्या छातीत बैलासारखा घुसायचास. गाव उभं राहून नाचायचं. मीही नाचायचो.

मागच्या महिन्यात ग्रेडी नावाचा एक जण असाच डोकं घालून माझ्यावर आला. नियमाने धडक दिली मी, पंचाने शिट्टीसुद्धा वाजवली नाही. त्याच्या शिरस्त्राणाचा माथा माझ्या खांद्यावर बसला आणि आतून ओली फांदी मोडल्यासारखा आवाज झाला. तो पडला तेव्हा हात अंगाशी चिकटले होते. स्टेडियम माझ्या नावाने ओरडत होतं. मी इस्पितळात गेलो. त्याच्या बायकोने मला आत घेतलं, खुर्ची दिली. तो छताकडे बघत होता. पायावरून चादर घसरली ते त्याला कळलं नाही. मी ती वर ओढली आणि बाहेर येऊन भिंतीशी रडलो. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

आता काल काय झालं ते ऐक. मावशीचा फोन आला होता. आधी जेवलास का विचारलं, मग माझ्या आईच्या दुखण्याची चौकशी केली. मग म्हणाली, "तू मारणार आहेस ना माझ्या पोराला?" मी हो म्हटलं, तिच्याशी खोटं कसं बोलू? मग म्हणाली, "मी सांगितलं त्याला, सोड म्हणून. ऐकत नाही. या वर्षी कुणीतरी त्याला संपवणारच, एझ्रा. मग तूच पाड. आणि जुळेल असं हाड मोड." गळ्याखालचं हाड, मी म्हटलं. महिने लागतील, हंगाम जाईल, पुढे तुला कुणी घेणार नाही, पण जुळेल. ती म्हणाली, "तेच कर. मला तो चालत घरी यायला हवाय." मी तिला शब्द दिलाय. तू मला शिव्या घालशील, जन्मभर बोलणार नाहीस, ते मी सोसेन. पहिल्याच डावात तू उजवीकडून येशील आणि समोर मी असेन. मी जरासुद्धा हळू होणार नाही, आणि तू बाहेर जाणार नाहीस हेही मला माहीत आहे. पण डोकं खाली घातलंस तर माझा खांदा तुझ्या मानेवर येईल, आणि मग मी तुझ्या आईला काय सांगू? म्हणून एवढंच लिहायला बसलो होतो. माझ्याकडे बघत ये.

तुझाच,
एझ्रा