अण्णांच्या पोटातल्या गाठी

७ मार्च १९८२, कळंब
अण्णांना संध्याकाळी परत ताप. सदरा अंगावर खुंटीला टांगल्यासारखा. डॉक्टरांनी पोट दाबलं, बेंबीजवळ गाठ लागली. मला बाजूला घेऊन म्हणाले, "सोलापूरला न्या. या वयात गाठ म्हणजे..." आणि चिठ्ठी लिहायला लागले.
स्टँडवर अण्णा, "काय म्हणला गं डॉक्टर?"
म्हटलं, वात धरलाय. वडलांशी असं खोटं!

१५ मार्च, सोलापूर
पोट उघडलं. आतड्याभोवती गाठीच गाठी. एक तपासायला काढली, बाकी तशाच ठेवून शिवलं. "कॅन्सर?" विचारलं. सर्जन म्हणाले, "तसंच दिसतंय." भाऊ परत परत तेच विचारत राहिला. मला रडूही येईना.

२४ मार्च
रिपोर्ट आला. कॅन्सर न्हाय!! सर्जनना परत वाचायला लावलं. 'ग्रॅन्युलोमा' म्हणे. कशाला तरी अडवायला शरीर पेशींचं कडं घालतं, ते. कशाला, ते कळेना. बहुतेक टी.बी. पण जंतू दिसले नाहीत. जनावरांपासून येणारा ताप, बुरशी, काहीही असू शकतं म्हणे. आणि कुठं कॅन्सर लपला असला तरी जवळच्या गाठीत असं होतं. म्हणजे सुटका न्हायच.
म्हटलं, खोकला न्हाय, छातीचा फोटो साफ, मग टी.बी. कसा?
"कच्चं दूध पितात? गाईला टी.बी. असला तर दुधातून पोटात जातो."
रोज सकाळी गोठ्यात धारोष्ण दुधाचा पेला. अर्धा अण्णांचा, उरलेला मंगीचा. भाऊची मंगी. चार वर्षांची पोर.

२ एप्रिल, कळंब
टी.बी.ची औषधं सुरू. रोज इंजेक्शन. अण्णांना सगळं सांगितलं, दुधाचंही. भडकले. "दुष्काळात गुरांच्या छावणीत ह्या गाईच्या आईला म्या हातानं चारून जगवलं. तिचं दूध बाधंल व्हय?"
पण दुपारी स्वतःच दूध संस्थेत जाऊन सांगून आले, आमचं दूध घेऊ नका. संस्थेचा चेअरमन माणूस. लोक बघतच राहिले म्हणे.

९ एप्रिल
गाईच्या मानेत टी.बी. तपासायला टोचलं होतं, तिथं सूज. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, लागण झालेली दिसते.
अण्णा गाईच्या पाठीवर हात ठेवून, "हिच्यापासून मला, का माझ्यापासून हिला?"
"तसं सांगता येत नाही, अण्णा."
वहिनीनं चुलीपुढून उठून मंगीला जवळ ओढलं.

२० एप्रिल
ताप उतरलाय. गाठ तेवढीच. दोन महिन्यांत विरघळली न्हाय तर पुन्हा पोट उघडायचं म्हणतात.
मंगीच्याही हातावर टी.बी. तपासायला टोचलेलं, ते आज बघितलं. डॉक्टरांनी मोजपट्टीनं फुगवटा मोजला. परत मोजला. "हिला टी.बी.ची लस दिली होती का? लसीनंही फुगतं." वहिनीला आठवेना. दंडावरचा वण लसीचा का खरचटल्याचा, कळेना.
मंगीच्या छातीचा फोटो काढायचाय. उद्या पहिल्या एस्टीनं उस्मानाबाद. अण्णांना धड उभं राहवत न्हाय, तरी म्हणतात, मी येणार.
मंगी लाल हात त्यांच्यापुढं धरून, "अण्णा, फुंका ना."
त्यांनी तोंड फिरवलं. आपला श्वास पोरीला लागू नये म्हणून रोखून बसले.